वाळीत टाकलेला य

साळूबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, म्हणून दहा वर्षं टाळलं. ती काही नाव गाजवलेली बाई नाही. लवळ्याच्या अलीकडे एका प्राथमिक शाळेत शिकवते, रोज चालत जाते-येते, आणि तिच्या वर्गातल्या पोरांच्या पाट्या स्वच्छ असतात, असं तपासणीला जाणारे सांगतात. एवढंच लिहून मला सुटता आलं असतं. पण ती नववीत असताना मी तिचा गणिताचा मास्तर होतो, आणि त्या वर्षी मी जे केलं तेही तिच्याच चरित्रात मोडतं.

सन सत्तावन्नच्या जूनमध्ये पौडाजवळ नव्या निघालेल्या हायस्कुलात मी लागलो. मूळचा मी बावधनचा, शिकलो पुण्यात. खेड्यातली पोरं आपल्यालाच कळतात आणि त्यांना शिकवावं तर आपणच, असा माझा ठाम समज होता. पुण्याहून आलेले बाकीचे मास्तर पुस्तकातल्या भाषेत शिकवत. मी गावातल्या भाषेत शिकवायचो आणि त्याबद्दल स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घ्यायचो.

नववीला बीजगणितात आलेख होते. दोन क्ष अधिक तीन य बरोबर बारा, असं समीकरण द्यायचं आणि त्याची रेषा चौकटीच्या फळ्यावर काढायची. क्ष ची किंमत घेऊन आडवं जायचं, य ची घेऊन उभं जायचं, तिथं टिंब द्यायचं. अशी टिंबं जोडली की सरळ रेषा मिळते. पण त्याआधी समीकरण नीट मांडून घ्यावं लागतं. य एका बाजूला एकटा राहील असं. पोरं इथंच गडबडत. अधिकचं वजा करायला विसरत, तीनने भागायला विसरत.

मी त्यांना सांगितलं, बरोबरचं चिन्ह म्हणजे गावाची वेस. वेशीपलीकडे जो जाईल त्याचं चिन्ह बदलतं. अधिक असेल तो वजा होतो, वजा असेल तो अधिक. आणि य चं काय करायचं? य ला वाळीत टाकायचं. त्याच्या शेजारी कोणी राहायचं नाही. आधी क्ष ला उठवायचं, वेशीपलीकडे पाठवायचं. मग य च्या मानेवर बसलेला तीन खाली उतरवायचा. त्याच्याशी रोटी नाही, बेटी नाही, पाणी नाही. राहिला का एकटा? मग झालं.

पोरं खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून मी नुसतं विचारायचो, "य ला काय करायचं?" आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडायचा, "वाळीत टाका!" तो आवाज शेजारच्या वर्गात जायचा, ऑफिसात जायचा. हेडमास्तर एकदा दाराशी येऊन ऐकून गेले आणि हसले. घटक चाचणीत बत्तीसपैकी सत्तावीस पोरांची समीकरणं बरोबर आली. मला आणखी काय पाहिजे होतं?

बत्तिसांत मुलगी एकच, साळू. दीड कोसावरच्या एका वाडीतून यायची. खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर एकटी बसायची. एकटीच मुलगी, म्हणून एकटी बसत असेल, असं मी धरून चाललो. तिच्याच वाडीतले चार मुलगे वर्गात होते. ते तिच्या मागून-पुढून येत, पण बरोबर कधी येत नसत. तेही मी मुलगी म्हणूनच धरलं. सकाळी येताना तिच्या डोक्यावर कधीकधी दळणाची पाटी असायची. ती पाटी नबीलालच्या गिरणीत ठेवून ती शाळेत यायची आणि जाताना पीठ घेऊन जायची. नबीलालच्याच माडीवर मी खोली घेऊन राहात होतो, त्यामुळे ती पाटी मी कितीदा तरी ओलांडून गेलो असेन. त्यांच्या वाडीत गिरणी असताना ही पोरगी दीड कोस दळण का वाहते, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी साळूला फळ्याशी बोलावलं. तेच समीकरण, दोन क्ष अधिक तीन य बरोबर बारा. तिनं खडू घेतला आणि न बोलता लिहिलं, तीन य बरोबर बारा वजा दोन क्ष. सगळं बरोबर होतं. पण माझी सवय अशी, की फळ्यावर आलेल्यानं प्रत्येक पायरी तोंडानं बोलायची.

"काय केलंस ते बोल," मी म्हणालो.

"क्ष पलीकडं नेला."

"कशासाठी?"

ती गप्प राहिली. वर्गही गप्प झाला, आणि ते गप्प होणं नेहमीसारखं नव्हतं. एवढं तरी मला कळायला हवं होतं. मला वाटलं, लाजतेय. लाज मोडली पाहिजे, असं आम्हा मास्तर लोकांना फार वाटतं.

"य ला काय केलंस? मोठ्यानं बोल. बोलल्याशिवाय पुढं लिहायचं नाही."

खडू तिच्या हातात तसाच होता. मग ती फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाली, "वाळीत टाकलं."

मागून तिच्या वाडीतला एक मुलगा बोलला, "तिला पाठ हाय सर त्ये."

सगळा वर्ग हसला. आणि मीही हसलो. हेही लिहितो. मला वाटलं, तो तिचं कौतुक करतोय, हिला आधीच पाठ आहे म्हणून. मी हसत म्हणालो, "मग तर फारच चांगलं." तिनं उरलेलं समीकरण पुरं केलं. क्ष शून्य तर य चार, क्ष तीन तर य दोन, क्ष सहा तर य शून्य. तीन टिंबं दिली, पट्टी लावली, रेषा काढली. मी "शाब्बास" म्हणालो आणि ती जागेवर गेली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

आठ दिवसांनी मी नबीलालला सहज विचारलं, साळू दळणाला येते का? तो गिरणीचा पट्टा काढून बसला होता. त्यानं हात फडक्याला पुसले.

"तिचा बाप येतुया आता. कुशाबा. पोरगी शाळा सोडनार म्हणत हुता."

"का?"

नबीलालनं माझ्याकडं बघितलं. "सर, तुमी वर्गात वाळीत टाकायचं शिकिवता न्हवं? पोरं हितं गिरणीत येऊन म्हणत्यात. साळू दिसली की जास्तच. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या वाडीची आणि शेजारच्या गावाची शीव तीन धोंड्यांनी दाखवलेली होती. दोन टोकांना दोन आणि मध्ये एक. मे महिन्यात सरकारी मोजणीदार आला, तेव्हा मधला धोंडा चाळीस पावलं सरकून बसलेला होता, आणि त्यामुळं हिरड्याची राई आणि गवताची पड वाडीत येत होती. मोजणीदारानं वाडीतल्या माणसांना विचारलं. सगळे म्हणाले, धोंडा पहिल्यापासून इथंच आहे. एकटा कुशाबा म्हणाला, ह्यो धोंडा हितला न्हाई. त्या दिवसापासून त्याचं घर वाळीत होतं. त्याला पाणवठा बंद, न्हावी बंद, वाडीतली गिरणी बंद. लग्नाकार्याचं आवतण नाही, कोणी मेलं तर खांदा द्यायलाही बोलावणं नाही.

मी माडीवर जाऊन खाटेवर बसलो. मी शहरातला असतो तर म्हणालो असतो, मला काय ठाऊक. पण बावधनला आमच्या आळीत असं एक घर मी लहानपणी पाहिलं होतं. त्या घराच्या पुढून जाताना आम्ही पोरं पळत जायचो. तो शब्द काय असतो हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर तो मला गणितात सुचला. स्वतःची इतकी शिसारी मला त्याआधी कधी आली नव्हती.

रविवारी मी त्या वाडीला गेलो. वेशीजवळ दोघांना कुशाबाचं घर विचारलं. एक जण जणू ऐकलंच नाही असा निघून गेला, दुसऱ्यानं नुसती हनुवटी वळवली. घर पाराच्या समोरच होतं. पारावर पाच-सहा जण बसले होते, त्यांत हैबतराव पाटील. हे पाटील आमच्या शाळेच्या कमिटीवर होते, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

कुशाबा ओसरीवर दोर वळत होता. मी साळूचा मास्तर म्हणताच तो उठून उभा राहिला. घोंगडी झटकून अंथरली. त्याला वर्गातलं काही माहीत नव्हतं. साळूनं घरी एवढंच सांगितलं होतं की गणित जमत नाही.

"सर, तिला खरंच जमत न्हाई का?" त्यानं विचारलं. "आमाला वाटायचं पोरगी हुशार हाय."

"हुशार आहे," मी म्हणालो. चूक तिची नाही, माझी आहे, एवढंच तर सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. म्हणालो, "तिला शाळेत पाठवा."

तेवढ्यात आतून रत्नाबाई, साळूची आई, चहा घेऊन आली. कपबशी धुऊन पुसून लख्ख केलेली. चार महिन्यांत त्या घरात बाहेरच्या कोणी चहा घेतला नसणार, हे तिच्या हातातल्या कपाकडं बघूनच कळत होतं. मी कप घ्यायला हात पुढं केला आणि माझं लक्ष पाराकडं गेलं. तिथलं बोलणं थांबलं होतं. हैबतराव पाटील माझ्याकडं बघत होते.

"नको," मी म्हणालो. "आत्ताच घेऊन आलोय."

दीड कोस चालून आलेला माणूस आत्ताच कुठून चहा घेऊन येणार होता? रत्नाबाईनं काही आग्रह केला नाही. कप तसाच आत नेला. कुशाबा खाली बघून पुन्हा दोर वळायला लागला.

साळू मला वेशीपर्यंत पोचवायला आली. मी तिला म्हणालो, "तो शब्द मी पुन्हा काढणार नाही."

"तुमी न्हाई काढला तरी पोरं काढत्यात."

"मी पोरांना सांगेन."

ती वेशीपर्यंत चालत आली. मग म्हणाली, "येते उद्यापासनं."

ती आली. तिनं आपला शब्द पाळला. मी मात्र अर्धाच पाळला. मी स्वतः तो शब्द काढला नाही. "य ला एकटं ठेवा," असं गुळमुळीत काहीतरी म्हणू लागलो. पण पोरं सवयीनं तेच ओरडायची, आणि मी त्यांना एकदाही थांबवून सांगितलं नाही की हे चूक आहे आणि का चूक आहे. सांगायचं म्हणजे पाटलांच्या वाडीतल्या चार पोरांसमोर सांगायचं. ते घरी जाऊन बोलणार. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. असं करत दिवाळी गेली, संक्रांत गेली.

तिसरं टिंब पोरं सवयीनं काढत होती, ते कशासाठी हे मात्र मी त्या दिवसांत नव्यानं शिकवलं. रेषेला दोन टिंबं पुरतात, पण आपण तिसरं काढायचं. ते तिसरं टिंब म्हणजे साक्षीदार. ते रेषेत बसलं तर आपलं काम खरं. नाही बसलं तर तिघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. हेही मी गावातल्या भाषेत म्हणूनच शिकवलं, आणि बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की साळू मान वर करून माझ्याकडं बघते आहे. रागानं नाही. काहीतरी ओळखीचं दिसावं तसं.

फेब्रुवारीत तपासणी आली. पुण्याहून साहेब आले होते. त्यांच्याबरोबर हेडमास्तर, आणि कमिटीतर्फे हैबतराव पाटील. तिघं नववीच्या वर्गात येऊन खुर्च्यांवर बसले. मी फळ्यावर समीकरण लिहिलं, तीन क्ष अधिक चार य बरोबर चोवीस. हेडमास्तर साहेबांकडं वळून म्हणाले, "आमचे हे मास्तर फार गमतीनं शिकवतात. ऐका हं." आणि वर्गाकडं बघून त्यांनीच विचारलं, "बोला रे, य ला काय करायचं?"

वर्ग गरजला, "वाळीत टाका!"

साहेब मनापासून हसले. पाटीलही हसले. मी खडू हातात धरून उभा होतो. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. सहा महिने जे उद्यावर ढकललं होतं त्याला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी मूग गिळून उभा राहिलो.

"कोण सोडवतंय?" साहेबांनी विचारलं.

शेवटच्या बाकावरून साळू उठली. कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं. ती बाकांच्या मधून पुढं आली आणि माझ्या हातातून खडू घेतला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला काहीतरी बोलेल. तिनं समीकरणाला हातच लावला नाही. कोणालाही वेशीपलीकडं पाठवलं नाही. समीकरणाखाली नुसतं लिहिलं, क्ष शून्य.

"क्ष शून्य धरला, तर चार य बरोबर चोवीस. य सहा." तिनं उभ्या रेषेवर सहाच्या घरात टिंब दिलं. "आता य शून्य धरला, तर तीन क्ष बरोबर चोवीस. क्ष आठ." आडव्या रेषेवर आठच्या घरात दुसरं टिंब दिलं. पट्टी लावून रेषा काढली. मग पट्टी बाजूला ठेवली.

"आता साक्षीदार," ती म्हणाली. "क्ष चार धरला, तर बारा अधिक चार य बरोबर चोवीस. य तीन." आडवं चार, उभं तीन, तिथं तिनं तिसरं टिंब दिलं. ते बरोबर रेषेवर पडलं.

ती वळली. साहेबांकडं नाही, पाटलांकडं नाही, माझ्याकडं.

"सर, कुनाला वाळीत न टाकता बी येतंय."

वर्गात कोणी हसलं नाही. साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी रीत तपासली, "ही रीत जास्त सोपी आहे," म्हणाले आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. हैबतराव पाटील फळ्यावरच्या रेषेकडं बघत होते. आणि मी? ही रीत मला कॉलेजपासून येत होती. सहा महिने मी ती शिकवली नव्हती, कारण तिच्यात हशा पिकवणारं काही नव्हतं.

त्या दिवसानंतर वर्गात तो शब्द पुन्हा निघाला नाही. तो मी बंद केला नाही. पोरांनीच सोडला. तेही श्रेय माझं नाही.

होळीच्या आधी त्यांच्या वाडीनं कुशाबाचं घर पुन्हा गावात घेतलं. मोजणीचा निकाल लागला होता आणि धोंडा जुन्या जागी गेला होता. आता भांडायला काही उरलं नव्हतं. कुशाबानं आपली साक्ष शेवटपर्यंत मागं घेतली नाही. देवळात नारळ तेवढा ठेवला, आणि गावानं त्यावर भागवलं. हे मला नबीलालनं सांगितलं. कुशाबाचं दळण आता वाडीतच होतं, असंही म्हणाला.

यातलं काही कळायच्या आधीच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्या घरी जायचं, सगळं सांगायचं आणि राहिलेला चहा प्यायचा. पाटील पारावर असले तर त्यांच्या देखत प्यायचा. पण परीक्षा होती, पेपर होते, आणि एप्रिलपर्यंत जाणं झालं नाही.

गेलो तेव्हा ओसरीवर शेजारचे दोघे-तिघे बसले होते, गप्पा चालल्या होत्या. पारावर कोणी नव्हतं. कुशाबानं तीच घोंगडी अंथरली. मी त्याला म्हणालो, "मागं साळूनं शाळा सोडली होती ती माझ्यामुळं. मी वर्गात तुमच्या घराची चेष्टा केली. नकळत केली, पण कळल्यावरही थांबवली नाही." मधल्या काळात हे वाक्य मी इतक्या वेळा मनात घोकलं होतं की ते पाठ म्हटल्यासारखंच बाहेर पडलं.

कुशाबानं घोंगडीचा कोपरा सरळ केला. मग म्हणाला, "पोरीनं सांगितलं न्हवतं."

आतून साळू चहा घेऊन आली. तोच कप, तीच बशी. मी ती दोन्ही हातांनी घेतली. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं, हेही कबूल करून टाकतो. मी कप तोंडाला लावणार, तेवढ्यात साळू म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. माझी भीती जावी म्हणूनच ती बोलली.

"घ्या सर. आता प्याला तरी चालतंय."